नेरुळच्या कॅफेतला जपानी नाश्ता आईला श्रावणात घरी करून घालायचाय, पण सूप जमत नाहीये

रातपाळी (नेरुळ), शनिवार सकाळ

नमस्कार मंडळी. प्रश्न स्वयंपाकाचाच आहे, पण आधीचं थोडं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून लांबण लावतेय.

मी वाशीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. सकाळी आठला सुटते, हार्बरने नेरुळला उतरते आणि चालत घरी. पूर्वी स्टेशनबाहेर मेदूवडा नाहीतर वडापाव खाऊन जायचे आणि मग झोपेत छातीत जळजळ. मार्चपासून शनिवार-रविवारी तरी ते बंद झालं. आमच्या सेक्टरच्या आतल्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या शेजारी एक छोटं कॅफे आहे. पाच टेबलं. चालवणाऱ्या ताई नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षं जपानात राहून आल्या. शनिवार-रविवारी सकाळी साडेदहापर्यंत त्या जपानी नाश्ता देतात. 420 रुपये.

ट्रेमध्ये डावीकडे भाताचा वाडगा, उजवीकडे सूपचा झाकणाचा वाडगा, मागे रावसाचा मीठ लावून भाजलेला तुकडा, अंड्याच्या गुंडाळीचे दोन काप आणि काकडीचं खारवलेलं लोणचं. कुठेही तेलाचा तवंग नाही, फोडणीचा वास नाही. पहिल्या दिवशी सूपचं झाकण निघेना. मी वरून ओढत होते. ताईंनी येऊन वाडग्याच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटांनी हलकेच दाबल्या, फस्स आवाज आला आणि झाकण सुटलं. आतली वाफ निवून झाकण धरून ठेवते म्हणे. तेव्हापासून दर वेळी मी तो आवाज येईपर्यंत थांबते.

आणि ते सूप! वाडगा हलवला नाही तर मिसोचा (सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याचा) गढूळपणा ढगासारखा मधून वर येतो, पसरतो आणि कडेने खाली जातो. रात्रभर मी ईएसआरच्या नळ्या बघितलेल्या असतात, त्यात तांबड्या पेशी तासाभरात खाली खाली बसत जातात. इथे काही खाली बसत नाही, फिरत राहतं. ते बघता बघता डोक्यातली रात्रपाळी उतरते. घरी जाऊन मी दोनपर्यंत गाढ झोपते.

आता प्रश्न. आई 72 वर्षांची. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही, त्यामुळे कॅफेत आणता येत नाही. मी येईपर्यंत ती एकटीच चहा-टोस्ट घेऊन बसलेली असते. मला हाच ट्रे तिच्यासमोर ठेवायचाय. पण श्रावण तोंडावर आलाय. ती महिनाभर मासे, अंडी, कांदा, लसूण काही खात नाही.

गेल्या आठवड्यात मी ऑनलाइन मिसोचं पाकीट मागवलं, गडद तपकिरी रंगाचं. पाणी उकळलं, टोफूचे तुकडे टाकले, दोन मोठे चमचे मिसो घातला आणि आमटीसारखं दहा मिनिटं खळखळ उकळलं. खारट झालं, चवीला सपाट, आणि तळाशी चोथा. आईने दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. माझं काय चुकलं? भात कुठला घ्यायचा? आणि पुढे श्रावण संपल्यावर तिच्यासाठी रावसाऐवजी बांगडा चालेल का? आमच्याकडे बांगडाच जास्त आवडतो.

नागोयाहून परत

ताई, तुमचं वर्णन वाचून मला आमचं तिथलं स्वयंपाकघर आठवलं. सहा वर्षं होते. चुका तीन झाल्या आहेत आणि तिन्ही सहज सुधारतील.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तुम्ही दाशी केलीच नाही. मिसो सूप म्हणजे पाण्यात मिसो नव्हे. आपण नुसत्या पाण्यात चिंच-गूळ घालून त्याला आमटी म्हणत नाही, आधी डाळ शिजलेली लागते, तसं. दाशी म्हणजे कोंबू नावाच्या सुक्या समुद्री शेवाळाच्या पट्टीचा अर्क, आणि बहुतेक वेळा त्यात कात्सुओबुशी. ही बोनितो मासळी शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखी कडक वाळवतात आणि किसून तिचे पातळ पापुद्रे काढतात. एक लिटर पाण्याला साधारण 10 ग्रॅम कोंबू. अर्धा तास भिजवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि उकळी फुटायच्या आत पट्टी काढून घ्यायची. उकळू दिलीत तर बुळबुळीत आणि कडवट होतं. मग 20 ग्रॅम कात्सुओबुशी टाकून गॅस बंद, मिनिट-दोन मिनिटांनी गाळायचं.

दुसरी: मिसो उकळायचा नाही. टोफू दाशीत गरम करायचा, गॅस बंद करायचा, पळीत थोडी दाशी घेऊन मिसो त्यात चमच्याने मोडायचा आणि मग भांड्यात सोडायचा. एका वाडग्याला साधारण एक मोठा चमचा. मिसो हा सोयाबीन, मीठ आणि कोजी नावाच्या बुरशीने आंबवलेलं धान्य यांचा असतो. खळखळ उकळलात की पहिल्यांदा वास जातो, आणि सूपात अर्धी मजा वासाचीच असते.

तिसरी चूक तुमची नाही, पाकिटाची. गडद तपकिरी म्हणजे नागोयाच्या बाजूचा नुसत्या सोयाबीनचा मिसो असावा. तिथल्या ओकाझाकी गावचा हात्चो मिसो प्रसिद्ध आहे. मोठ्या लाकडी पिंपांत भरून वर दगडांची रास रचतात आणि दोन वर्षांहून जास्त मुरवतात. मला तो जीव की प्राण, पण तो उग्र असतो. गंमत म्हणजे तोच एक उकळलेला चालतो, तिथे त्यात जाड नूडल्स रटरट शिजवतात. आईंसाठी फिका पिवळसर मिसो घ्या, किंवा तुमच्या गडद मिसोत अर्धा फिका मिसळा. तिकडेही दोन मिसो एकत्र करायची पद्धत आहेच.

भात साधा, व्हिनेगर न घालता. व्हिनेगरचा भात सुशीचा. आणि एक ऐकाच: जपानीत सकाळच्या जेवणाला आसागोहान म्हणतात. आसा म्हणजे सकाळ, आणि गोहान म्हणजे भातही आणि जेवणही. नागोयाच्या गल्लीबोळांतल्या कॅफेंत मात्र सकाळी भात क्वचितच दिसतो. तिथे कॉफी मागवली की सोबत टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं, बहुतेक ठिकाणी कॉफीच्याच पैशात. त्याला नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणतात. टोस्टवर लोणी आणि अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण लावून देतात. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा पुरणपोळी आठवून डोळ्यांत पाणी आलं होतं.

मीठभाकर (ठाणे)

माफ करा, पण भात, कढण आणि लोणचं यासाठी 420 रुपये मला पटत नाहीत. नौपाड्यात आमच्या घरी आजी रोज सकाळी पेज करायची, वर मेतकूट आणि मिठातली कैरी. तेही हलकंच, पोट शांत ठेवणारं. आपल्या घरात आहे ते सोडून एवढ्या लांबचं कशाला?

दुसरं, आई 72 च्या आहेत म्हणून काळजीने सांगतो. मिसोत मीठ भरपूर असतं. एका वाडग्यात सव्वा ते दीड ग्रॅमच्या घरात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत रहा म्हणते. त्यावर लोणचं, खारवलेला मासा. ब्लड प्रेशर असेल तर जपून.

रातपाळी

नागोयाताई, मनापासून आभार. दाशी हा शब्द कॅफेवाल्या ताईंच्या तोंडून ऐकला होता, पण मला वाटलं मिसोचंच दुसरं नाव.

मीठभाकरदादा, मिठाचं बरं सांगितलंत, आईला ब्लड प्रेशरची गोळी आहे. वाडगा अर्धाच भरेन आणि लोणच्याचे दोनच तुकडे ठेवेन. पैशाचं म्हणाल तर ताई मासा मागवल्यावर भाजायला घेतात, दाशी रोज पहाटे करतात, आणि मी तिथे पाऊण तास बसले तरी कुणी बिल आणून ठेवत नाही. रात्री अडीच वाजता अपघाताच्या पेशंटचं रक्त क्रॉसमॅच करून दिलेलं असतं, हात थरथरतात म्हणून कॉफी नको असते, आणि कुणीतरी न बोलता गरम वाडगा पुढ्यात ठेवतं. मला ते 420 रुपये जड वाटत नाहीत. पेज मलाही आवडते, आई आजारपणात करायची. पण ती तिने मला दिली आहे. आता मला तिला असं काही द्यायचंय जे तिने कधी खाल्लेलं नाही.

करावेकर

बांगड्याचं मी सांगतो, आमचं घरच मासळीवर चाललंय.

बांगडा चालेल का विचारताय, उलट तोच जवळचा. जपानी लोक सकाळी साबा खातात, तो बांगड्याच्याच कुळातला. रावसाला आपल्याकडे कुणी इंडियन सामन म्हणत असलं तरी सामनचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण आत्ता घेऊ नका. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. बाजारात दिसतोय तो बर्फातला नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरचा. बांगड्याला बर्फ कमी पडला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. ताई लॅबवाल्या आहेत, त्यांना जास्त माहीत असेल. नारळी पौर्णिमा होऊ द्या, दर्या शांत होऊ द्या. तुमच्या आईचा श्रावणही तोवर निम्मा सरेल.

मग पहाटे दिवाळे गावच्या बाजारात जा. डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ला उचलून बघितला तर लालबुंद, बोटाने दाबलं तर खळगा राहत नाही, असा घ्या. कापणारीला सांगा, पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडून दे, पोट अख्खं ठेव. घरी मीठ लावून वीस मिनिटं ठेवा. अंगाला पाणी सुटेल, ते कागदाने टिपून टाका. उग्र वास त्या पाण्यातच असतो. मग बिडाच्या तव्यावर, तेल न लावता, आधी कातडीची बाजू. हळद नाही, तिखट नाही, आगळही नाही. मला स्वतःला आगळाशिवाय बांगडा म्हणजे अंगणाशिवाय घर, पण तुम्हाला जपानी करायचाय तर हात आवरा. वर लिंबू पिळा. तिकडे किसलेला पांढरा मुळा ठेवतात, तो आपल्याकडे कुठेही मिळतो.

भात इंद्रायणीचा करा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं वाण आहे, आंबेमोहराच्या वंशातलं. चिकट होतो, घास हातात राहतो.

चातुर्मासवाली (घोडबंदर)

मी शाकाहारी आहे आणि हे सगळं घरी करते, म्हणून लिहिते.

पहिलं सावधगिरीचं. मासा ताटात दिसला नाही म्हणजे मासा नाही असं नाही. कॅफेतल्या सूपात कात्सुओबुशी असणार. बाजारात मिळणाऱ्या झटपट दाशीच्या पुड्यांत बहुधा मासा असतो. ‘दाशीसकट’ म्हणून मिसोची जी पाकिटं येतात त्यांतही. पाकिटामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय आईंना देऊ नका. बोनितो हा शब्द दिसला की परत ठेवा.

पण तुम्हाला कुठलीही तडजोड करायची नाहीये, हे ऐकून बरं वाटेल. जपानातल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाचा स्वयंपाक असतो. त्यात मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या भाज्याही नाहीत. आपल्या चातुर्मासासारखंच. तिथली दाशी कोंबू आणि सुक्या शिटाके अळंबीची. अळंबी रात्रभर गार पाण्यात भिजवायची, ते तपकिरी पाणी गाळून कोंबूच्या पाण्यात मिसळायचं.

ही चव कुठून येते तेही सांगते, तुम्हाला रुचेल. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबूच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. माशात असतं इनोसिनेट, शिटाकेत ग्वानिलेट. ग्लुटामेटला या दोघांपैकी एकाची जोड मिळाली की चव दुपटीहून जास्त जाणवते. म्हणून मासा वगळला की शिटाके घ्यायची.

रातपाळी

चातुर्मासवाली ताई, हे वाचून मी लॅबमध्ये खुर्चीत सरळ बसले. मठातही कांदा-लसूण नाही हे आईला सांगितलं तर ती अर्धी तयार होईल. पण एक अडचण. आई अळंबी खात नाही. भूछत्र म्हणते आणि श्रावणात तर नावही काढू देणार नाही. नुसत्या कोंबूवर भागेल का? आणि समुद्रातलं म्हणून ती अडेल का, ही धाकधूक आहेच.

चातुर्मासवाली (घोडबंदर)

भागेल. नुसती कोंबूची दाशी सौम्य असते, पण फिक्या मिसोला पुरते. वाटलं तर मूठभर सोयाबीन कोरडंच खमंग भाजून कोंबूबरोबर भिजवा. मठातही सोयाबीन वापरतात. आणि तुमच्या पाळीला सोयीची रीत अशी: संध्याकाळी कामावर निघताना बरणीत लिटरभर पाणी आणि कोंबूची पट्टी घालून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी येईपर्यंत दाशी तयार. गॅस लागत नाही, कडवट व्हायची भीती नाही.

कोंबूवर पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी नव्हे, धुऊ नका, त्यातही चव असते. ओल्या फडक्याने हलकेच पुसा.

आईंना सांगा, ही समुद्रातली पालेभाजी. आणि त्यांना थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कोंबूत आयोडीन खूप असतं.

नागोयाहून परत

अंड्याच्या गुंडाळीच्या जागी भोपळा ठेवा. लाल भोपळ्याच्या फोडी सालासकट, थोडी दाशी, चमचाभर सोया सॉस, चिमूटभर साखर, झाकण ठेवून मऊ होईपर्यंत. तिकडे घरोघरी करतात. काकडीला तिच्या वजनाच्या दोन टक्के मीठ चोळून अर्धा तास ठेवा आणि पिळून घ्या. म्हणजे भात, एक सूप आणि दोन तोंडीलावणी. तिकडे एक सूप-तीन पदार्थ म्हणतात, पण रोजच्या सकाळी कुणी मोजत बसत नाही.

सूपात कांद्याच्या पातीऐवजी पालकाची दोन पानं टाका.

रातपाळी, पुढच्या रविवारी दुपारी

सगळ्यांना कळवायलाच हवं म्हणून झोपायच्या आधी लिहितेय.

काल संध्याकाळी सव्वासातला निघताना बरणीत कोंबू घातला. भुकटी बघून हात नळाकडे गेलाच होता, रोज प्लेटवर बुरशी बघायची सवय. ताईंचं वाक्य आठवलं आणि फडकं घेतलं. भाजलेलं सोयाबीनही टाकलं. थायरॉइडचं म्हणाल तर आईचा टीएसएच मीच आमच्या लॅबमध्ये करते, दर वर्षी नॉर्मल असतो. तरी मंगळवारी ब्लड प्रेशर तपासायला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा विचारून घेतलं. आठवड्यातून एकदा, अर्धा वाडगा, चालेल म्हणाले.

सकाळी आल्यावर बघितलं तर पाणी अगदी फिकट पिवळसर आणि वासाला पावसातल्या खाडीसारखं. दोन्ही मिसो अर्धे-अर्धे, गॅस बंद करून पळीत मोडले. इंद्रायणी अर्धा तास भिजवून कुकरऐवजी पातेल्यात केला. झाकणाचा वाडगा आमच्याकडे नाही, स्टीलच्या वाटीवर छोटी ताटली ठेवली. आईसमोर पाटावर मांडलं, भात डावीकडे, सूप उजवीकडे. तिने आधी ताटली उचलून वास घेतला आणि विचारलं, “मासे नाहीत ना?” मी सगळं सांगितलं, मठाचंही. मग ती वाटी दोन्ही हातांत धरून प्यायली. मी तिला चमचा दिला होता, तो तसाच राहिला.

म्हणाली, “चिंच नाही, गूळ नाही, फोडणी नाही, आणि तरी तोंडात राहतंय कसं?” मला इकेदा सांगायचे होते, पण ती भाताकडे वळली होती. भोपळा तिने दुसऱ्यांदा मागितला. लोणच्याचा एक तुकडा ठेवला आणि मला दिला.

एक शंका राहिली. भिजवून झालेली कोंबूची पट्टी जाड, मऊ झालेली आहे. टाकवेना.

नागोयाहून परत

टाकू नका! बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवा, भाताबरोबर खातात. त्सुकुदानी म्हणतात. फ्रिजमध्ये आठवडाभर राहील.

रातपाळी

उशीर झाला ताई. मी झोपून उठले तोवर आईने ती कात्रीने कापली, खोबऱ्याच्या कीस आणि तिळाबरोबर परतली, वर मोहरी-हिंगाची फोडणी घातली आणि वाटीवर झाकण ठेवलं. रात्रीच्या डब्यात मला तीच आहे. आत्ता आठ वाजलेत, वाशीला पोचलेय. पुढच्या शनिवारी कॅफेवाल्या ताईंना चाखायला थोडी नेणार आहे.